आवृत्ती कोणती? एका साध्या प्रश्नाचा इतिहास



प्रथम वर्षाच्या संगणक प्रात्यक्षिकात पहिल्या तासाला मी एकच काम देतो. समोरच्या संगणकावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि तिची आवृत्ती कोणती, हे शोधून वहीत लिहा. पाच मिनिटांत सगळ्यांच्या वह्या भरतात. मग मी विचारतो, "हे उत्तर तुम्हाला कोणी दिलं? आणि ते खरं कशावरून?" यावर सहसा शांतता पसरते.

या पाठात आपण त्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. गेल्या चार दशकांत संगणकाने आपली आवृत्ती वेगवेगळ्या विचारणाऱ्यांना वेगवेगळी सांगितली आहे आणि बहुतेक वेळा त्यामागे चांगला हेतू होता. हा इतिहास माहीत नसला की माणूस खऱ्या उत्तरानेही फसतो. त्याचे एक ताजे उदाहरण घेऊन सुरुवात करू.

१. करोल बागेतून आलेला फोन

दिल्लीच्या करोल बागेत आणि लगतच्या ओल्ड राजेंद्र नगरात स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून आलेली पुष्कळ मुले राहतात. माझा एक माजी विद्यार्थी त्यांच्यापैकीच एक. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यानंतरच्या नोव्हेंबरात त्याचा मला फोन आला. आवाज चढलेला होता.

"सर, मला फसवलंय. विंडोज ११ आहे म्हणून जुना लॅपटॉप घेतला. खोलीवर येऊन काळ्या खिडकीत 'व्हर' टाइप केलं, तर १०.० दाखवतोय. मी आता दुकानात जाऊन पैसे परत मागणार आहे."

मी त्याला थांबवले. दुकानदाराने खोटे सांगितले नव्हते. त्या लॅपटॉपवर विंडोज ११च होते आणि 'व्हर' ही आज्ञाही खरे बोलत होती, कारण विंडोज ११ चा आतला क्रमांक १०.० पासूनच सुरू होतो. "पूर्ण ओळ वाच," मी म्हणालो. त्याने वाचली: १०.०.२२०००, पुढे आणखी काही अंक.

ते २२००० ऐकल्यावर मात्र मी सावध झालो. त्याची तक्रार चुकीची होती, पण काळजी बरोबर होती. ती कशी, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

२. प्रश्न विचारण्याची सोय कधी झाली?

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्यासाठीची डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टने पुरवली होती. पहिल्या डॉसमध्ये "तुझी आवृत्ती कोणती?" असे प्रोग्रॅमने विचारण्याची सोयच नव्हती. एकच आवृत्ती असताना हा प्रश्न कोणाला सुचणार?

१९८३ मध्ये डॉस २.० आले. त्यात फोल्डरच्या आत फोल्डर ठेवता येऊ लागले आणि हार्ड डिस्क वापरता येऊ लागली. नव्या सोयी वापरणारा प्रोग्रॅम जुन्या डॉसवर चालवला तर तो कोसळणार, म्हणून आवृत्ती विचारणे आता गरजेचे झाले. त्यासाठी डॉसमध्ये एक नवी सेवा आली. प्रोग्रॅमने ती मागितली की डॉस प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये दोन संख्या ठेवून देई: मुख्य क्रमांक आणि उपक्रमांक. वापरणाऱ्या माणसासाठी 'व्हर' ही आज्ञा होती.

इथे एक अडचण होती. डॉस १ ला ही सेवा माहीतच नव्हती. मग त्याच्यावर हा प्रश्न विचारला तर काय होईल? न ओळखलेल्या विनंतीला जुने डॉस शून्य परत देत असे. म्हणून नियम ठरला की उत्तर शून्य आले तर आवृत्ती २.० च्या आधीची समजावी. उत्तर न येणे हेच उत्तर मानण्याची ही पद्धत लक्षात ठेवा, ती पुढेही कामाला येते.

मग आली पहिली थाप. डॉसच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या, तसे एक विचित्र दृश्य दिसू लागले. एखादा जुना प्रोग्रॅम नव्या डॉसवर अगदी नीट चालू शकत असे, पण सुरुवातीलाच आवृत्ती विचारून, "हा क्रमांक माझ्या यादीत नाही" म्हणून तो बंद पडे. यावर १९९१ च्या एमएस-डॉस ५.० मध्ये 'सेटव्हर' नावाची सोय दिली गेली. तिच्यात एक तक्ता असे आणि कोणत्या प्रोग्रॅमला कोणता क्रमांक सांगायचा हे त्या तक्त्यात लिहिलेले असे. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम विचारणाऱ्याचे नाव पाहून आपले वय सांगू लागली. फसवणुकीचा हेतू यात नव्हता. जुना प्रोग्रॅम चालू राहावा, एवढ्यासाठीच हे केले होते.

३. २५६ चे गणित आणि विंडोज ९५

आता एक छोटे गणित करू. वही घ्या.

विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रॅमने आवृत्ती विचारली की दोन बाइटांत उत्तर मिळे. खालच्या बाइटमध्ये मुख्य क्रमांक आणि वरच्या बाइटमध्ये उपक्रमांक. विंडोज ३.१ चा उपक्रमांक १० धरला जाई, म्हणजे ३.१०. हे दोन बाइट वेगळे न करता एकच संख्या म्हणून वाचले तर काय मिळते?

उपक्रमांक × २५६ + मुख्य क्रमांक = १० × २५६ + ३ = २५६३

खरे तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन्ही बाइट सुटे करून आधी मुख्य क्रमांक आणि मग उपक्रमांक तपासायला हवा. पण अनेकांनी तसे केले नाही. त्यांनी सरळ लिहिले: संख्या २५६३ किंवा तिच्याहून मोठी असेल तर चालू हो, नाहीतर थांब. विंडोज ३.१ वर हे उत्तम चालले. चाचणीत चूक दिसली नाही, कारण पुढची आवृत्ती अजून जन्मालाच आली नव्हती.

आता विंडोज ९५ चा विचार करा. त्याचा क्रमांक ४.०. वरच्याच सूत्राने:

० × २५६ + ४ = ४

२५६३ च्या तुलनेत ४ ही फारच लहान संख्या आहे. त्यामुळे हे सगळे प्रोग्रॅम नव्याकोऱ्या विंडोजवर "तुमचे विंडोज फार जुने आहे" असे सांगून बंद पडले असते. ग्राहकाने दोष कोणाला दिला असता? अर्थातच नव्या विंडोजला.

मायक्रोसॉफ्टने मार्ग काढला. जुन्या १६-बिट प्रोग्रॅमनी विचारले की विंडोज ९५ आपली आवृत्ती ३.९५ सांगे. गणित करून पाहा:

९५ × २५६ + ३ = २४३२३

ही संख्या २५६३ पेक्षा मोठी, म्हणून तुलना बरोबर येई. नव्या ३२-बिट प्रोग्रॅमना मात्र ४.० हे खरे उत्तर मिळे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी जगभर गाजावाजा करून बाजारात आलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम इतरांच्या तुलनेतली चूक झाकण्यासाठी पहिल्या दिवसापासून दोन वये सांगत होती.

तुमच्यापैकी कोणी आज कोडमध्ये आवृत्त्यांची तुलना अक्षरमाला म्हणून करत असेल, तर हेच संकट तुमच्यापुढेही आहे. अक्षरांच्या क्रमाने पाहिले तर "१०" हे "९" च्या आधी येते. नाव बदलले, तरी चूक तीच.

४. नाव एक, क्रमांक दुसरा

विंडोजच्या दुकानातल्या नावाचा आणि आतल्या क्रमांकाचा पुढे काडीमोड झाला. पुढील यादी वाचताना ते लक्षात येईल.

विंडोज ९८ (१९९८): ४.१०
विंडोज २००० (२०००): ५.०
विंडोज एक्सपी (२००१): ५.१
विंडोज व्हिस्टा (२००७): ६.०
विंडोज ७ (२००९): ६.१
विंडोज ८ (२०१२): ६.२
विंडोज ८.१ (२०१३): ६.३
विंडोज १० (२०१५): १०.०
विंडोज ११ (२०२१): १०.०

व्हिस्टामध्ये मुख्य क्रमांक ५ वरून ६ झाला आणि नुसता मुख्य क्रमांक तपासणारे कितीतरी प्रोग्रॅम अडले. तो अनुभव ताजा असल्यामुळे विंडोज ७ ला ७.० हा क्रमांक दिला गेला नाही. आतून ते ६.१ राहिले आणि सुसंगतता हेच त्याचे कारण सांगितले गेले.

विंडोज ८.१ ने आणखी पुढचे पाऊल टाकले. "मला ८.१ माहीत आहे" असे ज्या प्रोग्रॅमच्या सोबतच्या जाहीरपत्रकात लिहिलेले नसेल, त्याला नेहमीच्या फंक्शनकडून ६.२ हेच उत्तर मिळू लागले. म्हणजे ज्याला नवी आवृत्ती ठाऊक नाही, त्याला ती सांगायचीच नाही. विंडोज १० ला थेट १०.० हा क्रमांक देता आला, तो या पडद्यामुळेच. विंडोज ११ पुन्हा १०.० वरच थांबले आणि वेगळेपण फक्त तिसऱ्या संख्येत, म्हणजे बिल्ड क्रमांकात उरले. विंडोज १० चे पहिले बिल्ड १०२४०, तर विंडोज ११ चे पहिले बिल्ड २२०००.

करोल बागेतला आपला मित्र नेमका इथे अडखळला होता. त्याने पहिल्या दोन संख्या वाचल्या, खरी माहिती तिसरीत होती.

५. लिनक्स आणि मॅकची गोष्टही हीच

ही सवय एकाच कंपनीची आहे असे समजू नका. लिनक्सचा कर्नल डिसेंबर २००३ पासून २.६ या क्रमांकावर होता आणि त्यापुढे फक्त तिसरी संख्या वाढत २.६.३९ पर्यंत गेली. जुलै २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी पुढच्या कर्नलला ३.० म्हटले. त्यामागे कोणताही क्रांतिकारक बदल नव्हता. संख्या फार लांबल्या होत्या आणि लिनक्सला वीस वर्षे होत होती, एवढेच. तरीही "सुरुवात २.६ ने होणारच" असे गृहीत धरणारे प्रोग्रॅम कोलमडले. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये एक सोय घालावी लागली. ती चालू केली की ३.० हा कर्नल स्वतःला २.६.४० म्हणवतो.

ॲपलच्या मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम २००१ पासून १० या क्रमांकाखाली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये 'बिग सर' आली आणि क्रमांक ११ झाला. पण जुन्या साधनांनी बांधलेल्या प्रोग्रॅमना ती आपला क्रमांक १०.१६ सांगे. तीन वेगळ्या परंपरा, तीन वेगळे दशक आणि उपाय मात्र एकच.

लिनक्सबाबत आणखी एक गोंधळ टाळा. 'यूनेम' ही आज्ञा कर्नलचा क्रमांक सांगते, वितरणाचा नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबुंटू २४.०४ मध्ये कर्नल ६.८ होता. २४.०४ म्हणजे वर्ष आणि महिना, ६.८ म्हणजे कर्नलची पिढी. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स डेबियनवर आधारलेली आहे. तिथेही वितरणाचे नाव आणि कर्नलचा क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच यंत्राविषयी दोन खरी उत्तरे असू शकतात. तुम्ही कोणता प्रश्न विचारला, हे तुम्हाला माहीत हवे.

६. आवृत्ती आणि आपली लिपी

आतापर्यंतची चर्चा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची वाटली असेल. पण आवृत्ती कोणती, यावर मराठी वाचता येणार की नाही हेही एकेकाळी ठरत असे.

नव्वदच्या दशकात मराठीत टाइप करायचे तर पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम किंवा श्री-लिपी अशी साधने वापरली जात. त्यांच्या फॉन्टमध्ये कोणत्या अक्षराला कोणता सांकेतिक क्रमांक, हे ज्याचे त्याचे ठरलेले असे. फाइल पाठवताना फॉन्टही पाठवावा लागे. युनिकोडने देवनागरीला कायमचे क्रमांक दिले, पण क्रमांक असून भागत नाही. 'क्ष' कसा जुळवायचा, वेलांटी व्यंजनाच्या आधी कशी दाखवायची, हे ऑपरेटिंग सिस्टीमला कळावे लागते. विंडोजच्या मालिकेत देवनागरीसाठी ही सोय विंडोज २००० पासून मिळाली. सोबत 'मंगल' हा फॉन्ट आला. विंडोज ९८ मध्ये तो नव्हता. एक्सपीमध्ये ही सोय होती, पण बहुधा बंद असे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांपुढे खूण करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी लागे.

२००४ मध्ये मी शिक्षणासाठी दिल्लीत होतो आणि करोल बागेत खोली घेऊन राहत होतो. आजोबा आजारी होते. वहिनीने घरच्या संगणकावर आईचे पत्र युनिकोड मराठीत टाइप करून पाठवले. जवळच्या सायबर कॅफेत मी फाइल उघडली, तर पानभर चौकोन. एकही अक्षर नाही. मधेच एक तारीख तेवढी इंग्रजी अंकांत दिसत होती. ती तारीख कसली, हे मात्र चौकोनांत अडकले होते. कॅफेतल्या मुलाने माझा चेहरा पाहिला, 'माय कॉम्प्युटर'वर उजवी टिचकी मारली, प्रॉपर्टीज उघडल्या आणि म्हणाला, "भैया, ये अट्ठानवे है. कोने वाले पे बैठो, वो एक्सपी है." कोपऱ्यातल्या यंत्रावर त्याने सीडी घालून ती खूण केली, संगणक पुन्हा चालू केला आणि पत्र वाचता आले. तारीख आजोबांना घरी सोडणार असल्याची होती.

त्या मुलाने अभियांत्रिकी शिकलेली नव्हती. पण समोर काही बिघडले की आधी आवृत्ती पाहायची, हे मी त्याच्याकडून शिकलो.

रुपयाच्या चिन्हाचेही तसेच झाले. केंद्र सरकारने ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोड ६.० मध्ये आले. विंडोज ७ आधीच बाजारात होते, त्यामुळे त्यासाठी २०११ मध्ये वेगळे अद्यतन द्यावे लागले. विंडोज ८ मध्ये ते मुळातच होते. एकाच कार्यालयातल्या दोन संगणकांपैकी एकावर बिलात ₹ दिसे आणि दुसऱ्यावर रिकामा चौकोन. दोन्हींवर नाव 'विंडोज ७'च लिहिलेले असले तरी फरक अद्यतनाचा होता.

७. मुदत संपलेली यंत्रे

आवृत्तीला तिसरी बाजू आहे आणि तीच आज सर्वांत महत्त्वाची. त्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळत आहेत का?

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजच्या फाइल-वाटपातली एक गंभीर त्रुटी बुजवणारी दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच त्रुटीतून जगभर पसरला. दुरुस्ती येऊन जवळजवळ दोन महिने झाले होते. ज्यांनी ती बसवली होती, त्यांच्या यंत्रांत त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. बाधित यंत्रांत विंडोज ७ चे प्रमाण सर्वाधिक होते, म्हणजे ज्या आवृत्तीला दुरुस्ती उपलब्ध होती तिचेच. नाव तेच, क्रमांकही तोच, पण दुरुस्ती असलेले ७ आणि नसलेले ७ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. एक्सपीचा आधार तर ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता. त्यासाठी हल्ल्यानंतर अपवाद म्हणून दुरुस्ती जाहीर करावी लागली.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या'चा तडाखा बसला. मर्स्क समूहाच्या संगणकांमार्फत तो नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत, म्हणजे न्हावा शेव्याला पोहोचला. तिथले मर्स्कशी संलग्न कंटेनर टर्मिनल विस्कळीत झाले. हा प्रोग्रॅम तीच जुनी त्रुटी वापरत होता आणि शिवाय यंत्रातून पासवर्ड चोरून शेजारच्या यंत्रात शिरत होता. म्हणजे जाळ्यातले एक यंत्र मागे राहिले, तर अद्ययावत यंत्रांनाही धोका होता.

भारतातल्या एटीएमचे उदाहरण तुम्हाला आणखी जवळचे वाटेल. आधार संपल्यावरही अनेक एटीएम एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी बँकांना टप्पे ठरवून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के यंत्रांवर आधार असलेली ऑपरेटिंग सिस्टीम हवी, डिसेंबर २०१८ पर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व. एटीएमच्या पडद्यावर ग्राहकाला आवृत्ती दिसत नाही, म्हणून ती तपासण्याची जबाबदारी नियामकाला घ्यावी लागली. तुमच्या लॅपटॉपचा नियामक मात्र तुम्हीच.

८. आज आवृत्ती कशी तपासावी?

आता प्रात्यक्षिकाकडे वळू. प्रत्येक यंत्राला तीन प्रश्न विचारा: नाव काय, नेमके बिल्ड कोणते आणि दुरुस्त्या चालू आहेत का?

विंडोज: विंडोजचे बटण आणि 'आर' एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत लिहा (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर) आणि एंटर दाबा. नाव, २१एच२ किंवा २५एच२ असा आवृत्तीचा शिक्का आणि बिल्ड क्रमांक एकाच ठिकाणी दिसेल. 'एच२' म्हणजे वर्षाचा उत्तरार्ध. बिल्ड २२००० किंवा अधिक असेल तर साध्या घरगुती संगणकावर ते विंडोज ११ समजावे. मग त्या शिक्क्याची मुदत संपली आहे का ते पाहावे.

लिनक्स: 'यूनेम'ला 'आर' हा पर्याय दिला की कर्नल कळतो. वितरणाचे नाव आणि आवृत्ती 'ईटीसी' या फोल्डरमधल्या 'ओएस-रिलीज' या फाइलमध्ये असते.

मॅक: डाव्या कोपऱ्यातल्या ॲपलच्या चिन्हावर टिचकी मारून 'अबाउट धिस मॅक' निवडा.

अँड्रॉइड: सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा. अँड्रॉइडच्या क्रमांकाबरोबर 'सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच'ची तारीखही पाहा. करोल बागेच्या गफ्फार मार्केटमध्ये, किंवा तुमच्या गावच्या बाजारात, जुना फोन घेताना किमतीची घासाघीस करण्याआधी ही तारीख वाचा. क्रमांक नवा आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल तर तो फोन दोन वर्षे उघड्यावर आहे असे समजा.

जे प्रोग्रॅम लिहितात त्यांच्यासाठी चौथी सूचना. शक्य असेल तिथे आवृत्ती विचारूच नका, क्षमता विचारा. "तू ८.१ आहेस का?" असे विचारण्यापेक्षा "तुझ्याकडे हे फंक्शन आहे का?" हा प्रश्न बरा. नसेल तर तसे उत्तर येईल आणि तुमचा प्रोग्रॅम दुसरी वाट धरेल. ३.९५, २.६.४० आणि १०.१६ ही तिन्ही सोंगे घ्यावी लागली, कारण प्रोग्रॅमकारांनी क्षमतेऐवजी क्रमांकावर भरवसा ठेवला.

९. पुन्हा करोल बागेत

आता त्या २२००० कडे येऊ. ते विंडोज ११ चे अगदी पहिले रूप, २१एच२. त्याच्या होम आणि प्रो या प्रकारांचा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजीच संपला होता. मी मित्राला प्रोसेसर पाहायला सांगितला. तो इंटेलच्या सहाव्या पिढीतला निघाला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे नेहमीची तपासणी वगळून ते त्या यंत्रावर बसवले गेले होते. म्हणूनच ते पुढच्या रूपात आपोआप गेले नव्हते. विंडोज १० सोडून ११ घ्यायचे ते सुरक्षेसाठी, आणि हे ११ तर १० च्या दोन वर्षे आधी निराधार झालेले.

दुकानदार म्हणाला ते खरे होते. 'व्हर' म्हणाले तेही खरे होते. तरीही ज्यासाठी त्याने पैसे मोजले, ते त्याला मिळालेले नव्हते.

"दुकानात जा," मी म्हणालो, "पण 'हे ११ नाही' असं म्हणू नकोस, हरशील. बिल्ड दाखव, प्रोसेसर दाखव आणि याला पुढची दुरुस्ती मिळत नाही, एवढंच सांग." तो गेला. दुकानदाराने ऐकून घेतले, खात्री करून घेतली आणि वरचे थोडे पैसे घेऊन आठव्या पिढीचा लॅपटॉप दिला. पैसे देण्याआधी या वेळी मित्राने दुकानातच 'विनव्हर' चालवले. बिल्ड २६२००, म्हणजे २५एच२. त्या रात्री त्याने मला पडद्याचा फोटो पाठवला. त्यात मराठी साहित्याच्या त्याच्या टिपणांची फाइल उघडी होती आणि एकही चौकोन नव्हता.

स्वाध्याय

१. तुमचा संगणक, तुमचा फोन आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला एक संगणक यांचे नाव, बिल्ड आणि शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची तारीख असा तीन रकान्यांचा तक्ता करा.
२. २५६ चे सूत्र वापरून विंडोज ९८ (४.१०) साठी संख्या काढा. २५६३ शी तुलना करणारा जुना प्रोग्रॅम त्यावर चालला असता का, ते कारणासह लिहा.
३. घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीचा फोन त्यांच्या परवानगीने तपासा आणि दुरुस्तीच्या तारखेचा अर्थ त्यांना मराठीत समजावून सांगा.